अजाणता की न विचारता?

कर्माचा दोष कर्त्याच्या हेतूवरून ठरवावा की प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीवरून, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना नवा नाही. प्रायश्चित्ताचा विचार करणाऱ्या प्रत्येक स्मृतिकाराला त्याला तोंड द्यावे लागले आहे. आणि गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म, कर्ता आणि बुद्धी यांची जी त्रिविध चिकित्सा आली आहे, तिच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. परंतु ग्रंथात वाचलेला प्रश्न आणि दारात येऊन उभा राहिलेला प्रश्न यांत अंतर असते. मजकडे तो एका संध्याकाळी एका पित्याच्या हातातील इंग्रजी कागदाच्या रूपाने आला.

हे गृहस्थ शेतकरी. पाच एकर जिरायत, दोन म्हशी आणि एकोणीस वर्षांचा पैलवान मुलगा. म्हशींचे दूध डेअरीला न घालता कित्येक वर्षे ते मुलाच्या खुराकाला लावीत आले होते. राज्याबाहेर झालेल्या एका राष्ट्रीय स्पर्धेत मुलाने कांस्यपदक मिळविले, गावाने गुलाल उधळून मिरवणूक काढली, आणि त्यानंतर दोन महिने होतात न होतात तोच मुलाच्या मोबाईलवर ही सूचना आली. ती तालुक्याच्या गावी छापून घेऊन दोघे आले होते. स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या मूत्राच्या नमुन्यात एक निषिद्ध द्रव्य आढळले आहे. नमुन्याचा दुसरा भाग तपासून हवा असल्यास तसे कळवावे. दोष मान्य असल्यास तसे, नसल्यास खुलासा करावा. निर्णय होईपर्यंत कोणत्याही स्पर्धेत उतरता येणार नाही, असा त्या कागदाचा आशय होता. भाषांतर हा माझा व्यवसाय असल्याने मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. सारे ऐकून घेऊन त्या गृहस्थांनी एवढेच विचारले, "शास्त्रीबुवा, म्हंजे पोरानं चोरी केली का?"

कागदात चोरी हा शब्द कोठेही नव्हता. मुलगा उंबऱ्याशी उभा होता, तो म्हणाला, "मला काय ठाऊक नव्हतं, काका. जिममधल्या सरांनी डबा दिला, मी खाल्ला."

त्या क्षणी दुसऱ्या अध्यायातील सुप्रसिद्ध वचन माझ्या जिभेच्या टोकावर आले होते. आपला अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. तेव्हा पदक गेले तर शोक कशाला, असे काहीतरी मी बोलणार होतो. सुदैवाने बोललो नाही. ज्याचा प्रश्न "पदक राहील का" असा असतो त्याला ते वचन सांगावे. या पित्याचा प्रश्न फळाविषयी नव्हताच, तो कर्माविषयी होता. आणि कर्माविषयीच्या प्रश्नाला फळाच्या वैराग्याने उत्तर देणे म्हणजे गीतेचा आधार घेऊन गीताच टाळणे होय. मी त्यांना दोन दिवसांनी या असे सांगितले. त्या दोन दिवसांत जे वाचले आणि जे सुचले, ते येथे मांडीत आहे.

ही परीक्षा कशी होते याची कल्पना पुष्कळ वाचकांस नसेल. स्पर्धा संपताच एक अधिकारी खेळाडूला गाठून सूचना देतो, आणि तेथपासून नमुना देईपर्यंत खेळाडूला दृष्टीआड होता येत नाही. मूत्र अधिकाऱ्यासमक्ष द्यावे लागते. पुरुषासाठी पुरुष अधिकारी, स्त्रीसाठी स्त्री. ते खेळाडूने "अ" आणि "ब" अशा दोन बाटल्यांत ओतून मोहोरबंद करावयाचे. बाटल्यांवर केवळ अंक असतात, प्रयोगशाळेला नाव कळत नाही. "अ" बाटलीत दोष आढळला तर "ब" उघडण्याची मागणी करता येते आणि ती उघडताना स्वतः हजरही राहता येते. जे अग्रगण्य खेळाडू नोंदणीच्या यादीत असतात त्यांना स्पर्धा नसतानाही रोज एक ठराविक तास आपण कोठे सापडू हे आधी कळवून ठेवावे लागते, आणि बारा महिन्यांत तीनदा त्यात चूक झाली तर तोच दोष ठरतो. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. नवी पद्धत सापडली की जुन्या बाटल्या पुन्हा तपासल्या जातात. २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधील कित्येक पदके अशी वर्षानुवर्षांनंतर परत घेण्यात आली.

काही जण हिला अग्निपरीक्षेची उपमा देतात. ती मला पटत नाही. सीतादेवीची परीक्षा एकटीची झाली. येथे विजेता कोणीही असो, त्याला बाटली भरावीच लागते. आपल्या व्यवहारशास्त्रात तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत खरी, परंतु साक्षी, लेख इत्यादी मानुष प्रमाण उपलब्ध नसेल तेव्हाच दिव्याकडे वळावे असा तेथे दंडक आहे. ही परीक्षा तर सर्वस्वी मानुष प्रमाण आहे, आणि म्हणूनच तिला दुसऱ्या बाटलीचा उतारा ठेवला आहे. दिव्याला "ब" बाटली नसते.

एक शब्दाची गोष्टही येथेच सांगून टाकतो, कारण भाषांतरकाराला ती खुपते. मराठी वृत्तपत्रांनी या द्रव्यांस "उत्तेजक" म्हणण्याचा प्रघात पाडला आहे. वस्तुतः निषिद्ध द्रव्यांपैकी पुष्कळ उत्तेजक नसतात. काही स्नायू वाढवितात, काही रक्तातील तांबड्या पेशी वाढवितात, काही दुसऱ्या द्रव्याचा माग लपवितात, आणि काही तर चित्त शांत करितात. ऑलिम्पिकमध्ये अशा तपासण्या १९६८ साली सुरू झाल्या. त्या वर्षी मेक्सिको येथे पहिला जो खेळाडू बाद ठरला, तो स्वीडनचा हान्स-गुन्नार लिलियेनवॉल. त्याच्या अंगात सापडले ते मद्य. पिस्तुलाच्या नेमबाजीपूर्वी मन स्थिर व्हावे म्हणून ते घेतले, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा "निषिद्ध द्रव्य" एवढेच म्हणणे बरे. शब्द चुकला की विचारही चुकतो. "उत्तेजक" म्हटले की खेळाडूच्या आईबापांना दारू-अफूसारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते, आणि प्रथिनांच्या डब्यावर त्यांची नजर ठरत नाही.

असो. या नियमाचा कणा असा की, खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तो खेळाडू जबाबदार. ते कसे गेले, कोणी दिले, कोणत्या हेतूने घेतले, हे दोष सिद्ध होण्यासाठी विचारले जात नाही. १९९९ साली जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि २००४ पासून तिची संहिता अमलात आली. त्या संहितेचा पाया हाच आहे. आपल्या देशाने २०२२ साली यासाठी स्वतंत्र कायदाही केला. हेतूला इतके महत्त्व देणाऱ्या परंपरेत वाढलेल्या मनाला हा नियम प्रथमदर्शनी क्रूर वाटतो, आणि मला तो तसाच वाटला.

तो सर्वांत क्रूर कोठे वाटतो ते सांगतो. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये रुमानियाची आंद्रेआ रादुकान ही सोळा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या सर्वंकष स्पर्धेत पहिली आली. तिला सर्दी झाली होती. संघाच्या डॉक्टरांनी तिला सर्दीची साधी गोळी दिली. त्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य त्या काळी निषिद्धांच्या यादीत होते. सुवर्णपदक परत घेण्यात आले, डॉक्टरांना शासन झाले, आणि क्रीडा लवादानेही निर्णय कायम ठेवला. मुलीने फसविले असे कोणीच म्हटले नाही. त्या गोळीने तिचा खेळ सुधारला असेही कोणी म्हणाले नाही. यापुढील गोष्ट अधिक विचित्र आहे. तेच द्रव्य २००४ साली यादीतून काढण्यात आले आणि २०१० साली ठराविक प्रमाणाची मर्यादा घालून पुन्हा यादीत आले. म्हणजे जे २००० साली पाप, ते २००४ साली नाही, आणि २०१० साली पुन्हा अर्धे पाप! मग याला धर्म म्हणावे की केवळ संकेत?

संकेतच म्हणावे, असे माझे उत्तर आहे; मात्र संकेत म्हणजे हलकी वस्तू नव्हे. संस्कृतात याला "समय" असा फार सुंदर शब्द आहे. समय म्हणजे अनेकांनी मिळून मान्य केलेला करार. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी कौरव-पांडवांनीही असे समय ठरविले होते. तो समय मोडला म्हणजे काय होते, हे महाभारतात पाहावयाचे असेल तर शल्यपर्वातील गदायुद्ध वाचावे. भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर पडली तेव्हा तीर्थयात्रेहून आलेला बलराम तेथे उपस्थित होता. दोघेही त्याचे शिष्य. कोणाचा पक्ष न्यायाचा, राज्य कोणी लुबाडले, सभेत द्रौपदीला कोणी छळले, यांपैकी कशाचाही विचार त्याने त्या क्षणी केला नाही. नाभीखाली प्रहार झाला, एवढेच त्याने पाहिले आणि नांगर उचलला. श्रीकृष्णांनी त्याला मिठी मारून आवरले, भीमाची प्रतिज्ञा आणि मैत्रेयांचा शाप ही कारणे सांगितली. बलरामाचे समाधान झाले नाही. भीमाची कीर्ती कपटयोद्धा अशीच होईल असे म्हणून तो द्वारकेस निघून गेला. गीतेच्या उपासकांना हा प्रसंग अडचणीचा आहे आणि तो टाळून चालणार नाही, कारण समर्थन करणारे स्वतः गीतेचे वक्ते आहेत. परंतु महाभारतकारांनी त्याच ठिकाणी त्या समर्थनाला "धर्मच्छल" हा शब्द वापरला आहे, ही त्यांची थोरवी. राज्य मिळविण्याच्या घोर व्यवहारात ते क्षम्य ठरले असेल. पण जेथे राज्य नाही, सूड नाही, केवळ कोण अधिक चपळ आणि कोण अधिक बलवान एवढेच पाहावयाचे आहे, तेथे बलरामाचीच दृष्टी हवी. आखाड्यात समय सोडला तर उरते काय? दोन माणसे एकमेकांना पाडतात, एवढेच.

येथे कोणी हटकून विचारील की भीम तरी कोठे शुद्ध होता, पाताळात नागांकडे त्याने आठ कुंडे रस प्राशन केला नव्हता काय? त्याची बाटली तपासली असती तर? हा विनोद मजजवळ एका मित्राने केला आणि मी हसलो. पण उत्तर सोपे आहे. तो रस पिऊ नये असा समय कोणाशी झालेला नव्हता.

समय इतका महत्त्वाचा का, याचे मूळ मला तिसऱ्या अध्यायात दिसते. देव आणि मनुष्य यांनी परस्परांचे पोषण करावे, आणि जो दिलेले भोगतो पण परत काही देत नाही तो चोरच समजावा, असा तेथे अभिप्राय आहे. गीतेने चोर म्हटले आहे ते घर फोडणाऱ्याला नव्हे, देणे न देता भोगणाऱ्याला. आता कुस्तीकडे पाहा. कुस्ती एकट्याने होत नाही. समोरचा पैलवान आपले शरीर, आपली वर्षांची मेहनत, आपले जोर आणि बैठका घेऊन मातीत उतरतो, म्हणूनच माझा डाव प्रकट होतो. तो मला प्रतिस्पर्धा देतो. मी त्याला तीच, त्याच अटींवर, परत द्यावयाची असते. मी त्याला न सांगता त्या अटी बदलल्या तर त्याची मेहनत मी भोगली आणि माझे देणे दिले नाही. तेव्हा त्या शेतकऱ्याने उच्चारलेला शब्द कागदात नसला तरी गीतेत आहे.

मग रादुकान चोर होती काय? नव्हती. आणि तरीही तिचे पदक परत घेण्यात आले. या दोन वाक्यांची सांगड आपल्याच व्यवहारशास्त्रात मला सापडली. अठरा व्यवहारपदांत "अस्वामिविक्रय" नावाचे एक पद आहे. मालक नसलेल्याने वस्तू विकली आणि ती कोणी भर बाजारात प्रामाणिकपणे विकत घेतली, तर काय करावे? मनू सांगतो की खरेदीदार विकणाऱ्याला हजर करू शकला नाही, पण खरेदी उघड आणि निर्दोष होती असे सिद्ध झाले, तर राजाने त्याला दंड करू नये. वस्तू मात्र मूळ मालकाला मिळावी. दंड आणि परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंड मनाला होतो, म्हणून तेथे हेतू पाहावा लागतो. परतावा वस्तूचा होतो, तेथे हेतूचा संबंध नाही. निष्पाप खरेदीदाराच्या घरातूनही चोरीचा बैल त्याच्या धन्याकडेच जातो. आधुनिक संहितेनेही नेमकी हीच वाट धरली आहे. स्पर्धेतील निकाल आपोआप रद्द होतो, पण बंदी किती वर्षांची हे दोषाच्या प्रमाणावर ठरते. मुळीच दोष नाही असे सिद्ध झाले तर बंदी शून्य. आणि ते सिद्ध करण्यासाठी खेळाडूला प्रथम ते द्रव्य शरीरात कोठून आले हे दाखवावे लागते. जसा खरेदीदाराला विकणारा दाखवावा लागतो. प्रायश्चित्तप्रकरणात "अकामतः" आणि "कामतः" असा भेद करून अजाणता घडलेल्या दोषाला हलके प्रायश्चित्त सांगितले आहे. हलके सांगितले आहे, माफ केलेले नाही.

माझ्या भाषांतरापुरते येथे काम संपले असते. जाणूनबुजून असेल तर मोठा दंड, अजाणता असेल तर लहान. मुलगा तर अजाणता म्हणत होता. खुलासा लिहावा आणि मोकळे व्हावे. परंतु दोन दिवसांनी मुलगा आला तो वडिलांच्या आधी, एकटाच. म्हणाला, "काका, एक राहिलं सांगायचं. सर म्हणाले होते, स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस बंद कर. आणि डब्यात काय आहे ते विचारू नको." मी विचारले, "मग तू विचारलं नाहीस?" तो म्हणाला, "विचारलं असतं तर सोडावं लागलं असतं."

या वाक्याने माझी सगळी वाटणी मोडली. हा मुलगा जाणता होता म्हणावे तर द्रव्याचे नावही त्याला ठाऊक नव्हते. अजाणता म्हणावे तर ते अज्ञान त्याने स्वतः जपले होते. मन असे तिसरेच काहीतरी करू शकते: जाणण्याच्या उंबऱ्यावर थांबते, आणि आत दिवा लावत नाही. स्मृतींच्या कामतः-अकामतः या जोडीत याला नेमकी जागा नाही, पण गीतेत आहे. अठराव्या अध्यायात तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. पुढे काय होईल, हानी किती, इजा कोणाला, आपली कुवत किती, यांकडे न पाहता मोहाने जे आरंभिले जाते ते तामस. या लक्षणात दुष्ट हेतूचा उल्लेखही नाही! तेथे आहे ते न पाहणे. पूर्वी हा श्लोक शिकविताना मी बेफिकीर, आळशी माणसाचे उदाहरण देत असे. आता वाटते की ते उदाहरण फार सोपे होते. जो पहाटे चारला उठतो, हजार बैठका मारतो, एकही दिवस तालीम चुकवीत नाही, त्याच्याही हातून तामस कर्म घडू शकते. फक्त एक डबा उलटून मागचे अक्षर न वाचल्याने.

आणि हा मुलगा एकटा नाही. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्ली राज्याच्या मैदानी स्पर्धेत तपासणी अधिकारी आल्याची बातमी पसरली, तेव्हा शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला आठांपैकी एकच धावक उरला. अडथळ्यांच्या लांब शर्यतीत एक मुलगी अंतिम रेषा ओलांडूनही पळतच राहिली आणि अधिकाऱ्याला तिच्यामागे धावावे लागले. त्याच मैदानाच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया सापडल्या. ही स्पर्धा जगज्जेत्यांची नव्हती. राज्यपातळीची होती, तेथे धावणारी मुले सामान्य गृहस्थांच्या घरची. जागतिक संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात ३,८६५ नमुने तपासले गेले आणि त्यांपैकी १२५ सदोष निघाले, म्हणजे शेकडा तीनहून अधिक. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. पदकामागे आपल्याकडे खेळाडूंच्या राखीव जागेवरील नोकरी असते. रेल्वे, पोलीस, सैन्य. घराचे कर्ज आणि बहिणीचे लग्न त्या नोकरीला टांगलेले असते. हे सांगण्याचा हेतू दोष धुण्याचा नाही. पण मोह आकाशातून पडत नाही, तो असा घरातल्या हिशेबातून येतो.

म्हणूनच कर्मसिद्धीला पाच कारणे लागतात हे गीतेचे विधान येथे पुन्हा वाचावेसे वाटते: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. केवळ एकट्याला कर्ता समजणारा नीट पाहात नाही, असेही तेथे म्हटले आहे. पूर्व जर्मनीत १९७० आणि १९८० च्या दशकांत शासनानेच खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलीही, निळ्या गोळ्या दिल्या आणि त्या जीवनसत्त्वाच्या आहेत असे सांगितले. त्या मुलींना विचारण्याचीही मुभा नव्हती. पुढे २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या व्यवस्थेच्या प्रमुखांना शरीरहानीस साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविले. तेथे पाच कारणांपैकी खेळाडूचा वाटा किती लहान होता! माझ्यासमोर बसलेल्या मुलाला मात्र विचारण्याची मुभा होती. डबा देणारे प्रशिक्षक दोषी आहेतच, आणि माझ्या मते त्यांचा दोष अधिक आहे. पण "कारणे पाच, मी एकटा कर्ता नाही" हे वचन आपल्या बचावासाठी जो उच्चारतो, त्याने ते वापरले असे होते, समजून घेतले असे होत नाही. ते इतरांचा न्याय करताना आठवावयाचे वचन आहे.

तपासणी हा या रोगावरचा उपाय आहे काय? अंशतःच. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षे परीक्षांतून सुटत राहिला आणि तेच आपल्या निर्दोषत्वाचे प्रमाण म्हणून सांगत राहिला. २०१२ साली त्याची सातही टूर द फ्रान्स विजेतेपदे गेली ती मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे, आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने स्वतः कबुली दिली. बाटली द्रव्य पाहते, माणूस पाहात नाही. परंतु बाटली एक गोष्ट निश्चित करते: ती "मी विचारले नाही" या उत्तराला उत्तर म्हणून स्वीकारत नाही. ज्या नियमाला मी आरंभी क्रूर म्हटले, त्याचे काम बहुधा हेच आहे. विचारण्याचा भार तो खेळाडूवर टाकतो. आणि खेळाडू एकोणीस वर्षांचा असेल तर तो भार घरावरही येतो, हे मला त्या गृहस्थांना सांगावयाचे होते. म्हशीच्या दुधात पाणी किती हे ते रोज पाहात. डबा मात्र त्यांनी कधी हातात घेतला नव्हता.

ते आले तेव्हा मी हे सारे एवढ्या विस्ताराने सांगितले नाही. दोन वाटा आहेत एवढे सांगितले. खुलाशात "मला ठाऊक नव्हते" असे लिहिता येईल, कदाचित ते टिकेलही. नाहीतर जे घडले ते लिहावे, डबा कोणी दिला ते लिहावे. वीस दिवसांच्या आत दोष मान्य केला तर चार वर्षांच्या बंदीतील एक वर्ष कमी होते. वडील म्हणाले, "ठाऊक नव्हतं असंच लिवा. खोटं हाय का त्यात काय?" मी म्हणालो, "ते मला विचारू नका, याला विचारा." भाषांतरकाराने मूळ वाक्य बनवू नये, बनले की मग त्याचे काम सुरू होते.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने वाक्य सांगितले: "डब्यात काय आहे हे मला ठाऊक नव्हते, कारण मी विचारले नाही, आणि विचारले नाही, कारण मला ते घ्यायचे होते." त्याचे इंग्रजी करणे अवघड नव्हते. मी ते केले, त्याखाली प्रशिक्षकाचे नाव आणि पंधरा दिवसांची गोष्ट लिहिली, मुलाने सही केली, आणि "ब" बाटली उघडावयाची नाही असेही त्याने कळविले. त्याच रात्री कागद रवाना झाला. पुढे तीन वर्षांची बंदी आली.

जाताना वडिलांनी पदकाविषयी विचारले. ते संघटनेकडे परत पाठवावयाचे, असे मी कागदात वाचून दाखविले. त्यांना ते पुरेसे वाटले नाही. कांस्यपदकाच्या कुस्तीत आपल्या मुलाकडून हरलेला तो दुसरा मुलगा कोणत्या गावचा, त्याच्या घरचा पत्ता मिळेल काय, असे ते विचारीत होते. तो पत्ता मजजवळ नव्हता. मुलाला त्याच्या जिल्ह्याचे नाव तेवढे आठवत होते.